जर्मनीतला हिवाळा : टायर बदलण्यापासून बर्फावर गाडी चालवण्यापर्यंत

जर्मनीत नव्याने स्थायिक झालेल्या आणि इथला पहिला हिवाळा स्वतःच्या गाडीने काढणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये एक समज हमखास आढळतो : हिवाळी टायर बर्फासाठी असतात, तेव्हा बर्फ पडू लागला की ते बसवले म्हणजे झाले. या समजात दोन चुका आहेत. एक तर हे टायर बर्फाइतकेच थंडीसाठी असतात, त्यामुळे बर्फाची वाट पाहणाऱ्याला उशीर झालेला असतो. दुसरी चूक अधिक धोक्याची आहे, ती म्हणजे टायर बसवले की काम संपले असे मानणे. चांगला टायर पकड वाढवतो, पण कोरड्या डांबरावर मिळणारी पकड बर्फावर कोणताही टायर आणून देत नाही. उरलेली तूट चालकालाच वेग कमी करून भरून काढावी लागते. म्हणून टायरची निवड, तो बसवण्याची पद्धत आणि नंतरचे चालवणे ही तिन्ही कामे इथे एकत्र घेतली आहेत.

थंडीत रबराचे काय होते

उन्हाळी टायरचे रबर उबदार रस्त्यासाठी बनवलेले असते. तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ लागले की ते हळूहळू कडक होते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणाशी जुळवून घेणे त्याला जमेनासे होते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबर यांचे प्रमाण असे ठेवलेले असते, की शून्याखालीही त्याचा मऊपणा टिकावा. ७ अंश हा आकडा सोयीचा अंदाज आहे, त्या रेषेवर टायर अचानक बदलतो असे नाही. पण केव्हा बदलायचे हे ठरवण्यासाठी तो पुरेसा आहे.

दुसरा फरक टायरच्या नक्षीत असतो. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी, अतिशय बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या असंख्य कडा बर्फात रुततात. रुंद खाचांमध्ये बर्फ दाबून भरला जातो आणि तो रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, कारण बर्फाला सर्वांत चांगले धरणारा पदार्थ बर्फच आहे. यावरून लक्षात येईल, की नक्षी झिजली आणि चिरा उथळ झाल्या की टायर नावालाच हिवाळी उरतो.

कायदा काय सांगतो

जर्मनीत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हिवाळी टायर लावा, असा नियम नाही. बंधन परिस्थितीवर अवलंबून आहे : रस्त्यावर गोठलेले पाणी, दाबला गेलेला बर्फ, बर्फाचा चिखल किंवा दंवाची निसरड असेल, तर हिवाळ्यासाठी मान्य असलेल्या टायरशिवाय गाडी चालवता येत नाही, मग महिना कोणताही असो. लोक व्यवहारात ऑक्टोबर ते ईस्टर हा काळ धरतात आणि तो धरणे शहाणपणाचे आहे.

मान्य टायर कोणता, याचे उत्तर २०२४ पासून एकच आहे. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चिन्ह असले पाहिजे. केवळ 'एम अधिक एस' अशी अक्षरे असलेले जुने टायर ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत चालत होते. आता ते हिवाळी टायर म्हणून धरले जात नाहीत. वापरलेली गाडी विकत घेताना सोबत 'हिवाळी टायरचा संच मोफत' मिळतो, तेव्हा हे चिन्ह डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्या संचाला किंमत देऊ नये. नियम मोडल्यास ६० युरो दंड आणि चालकांचे नियमभंग नोंदवणाऱ्या फ्लेन्सबुर्ग येथील नोंदवहीत एक दंडगुण अशी शिक्षा आहे. वाहतूक अडली किंवा अपघात झाला तर दंड वाढतो. दंडापेक्षा गंभीर गोष्ट विम्याची आहे, कारण चुकीच्या टायरवर अपघात झाल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईत विमा कंपनी कपात करू शकते.

निवड

गाडीच्या नोंदणीपत्रात आणि पुस्तिकेत मान्य मापे दिलेली असतात. त्यांपैकी अरुंद माप हिवाळ्यासाठी घेणे बहुतेक वेळा स्वस्तही पडते आणि सोयीचेही. हिवाळी टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असली तरी चालते. मात्र तसे सांगणारी पट्टी चालकाच्या नजरेसमोर चिकटवावी लागते.

नक्षीच्या खोलीची कायदेशीर किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण बर्फावर तेवढ्या खोलीचा काही उपयोग नाही; ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर हिवाळ्यात वापरू नये. मोजण्याची सोपी रीत अशी : दोन युरोचे नाणे नक्षीच्या खाचेत उभे घालावे, बाहेरची रुपेरी कडा पूर्ण बुडत असेल तर खोली साधारण ४ मिलिमीटर आहे. वय पाहण्यासाठी टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या पुढील क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. रबर पडून राहिले तरी कडक होते, म्हणून नक्षी खोल दिसत असली तरी आठ वर्षांपुढचा हिवाळी टायर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बारमाही टायर घ्यावेत का, हा प्रश्न नेहमी येतो. कोलोन, ड्युसेलडॉर्फ, फ्रँकफर्ट अशा सखल भागात राहणाऱ्या, वर्षाकाठी थोडेच किलोमीटर चालवणाऱ्या आणि बर्फ पडल्यावर गाडी घरी ठेवून ट्रेनने जाऊ शकणाऱ्या कुटुंबाला डोंगराचे चिन्ह असलेले बारमाही टायर पुरतात. म्युनिकच्या दक्षिणेला, आल्गॉयमध्ये किंवा ब्लॅक फॉरेस्टच्या उंच गावांत राहणाऱ्यांनी, तसेच सुट्टीत आल्प्समध्ये गाडी नेणाऱ्यांनी तो विचार सोडून द्यावा.

चाके बदलणे

हिवाळी टायर वेगळ्या रिमवर चढवून ठेवले असतील, तर काम फक्त चाके बदलण्याचे राहते आणि ते घरी करता येते. टायर रिमवरून उतरवून दुसरा चढवायचा असेल, तर ते गॅरेजचेच काम आहे. गॅरेजची वेळ सप्टेंबरच्या शेवटी ठरवावी. पहिला बर्फ पडल्याच्या आठवड्यात वेळ मिळणे कठीण असते. घरी करणार असाल तर आधी घरमालकाला किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारावे, कारण अनेक ठिकाणी सामाईक पार्किंगमध्ये असे काम करू देत नाहीत.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, पहिल्या गियरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असल्यास 'पी'मध्ये ठेवावी आणि उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडण लावावी. जॅक लावण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच, प्रत्येक बोल्ट पाव फेरा सैल करावा. चाक हवेत गेल्यावर ते गोल फिरते आणि पान्याचा जोर लागत नाही. एखाद्या चाकाला चोरी टाळणारा वेगळा बोल्ट असतो आणि त्याची किल्ली सहसा डिकीत स्टेपनीच्या जागेत ठेवलेली असते. ती आधी शोधून ठेवावी. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्यांच्या तळाशी बॅटरी असते आणि चुकीच्या जागी टेकवलेला जॅक तिला इजा करू शकतो. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये.

चाक निघाल्यावर आतल्या बाजूला खडूने 'पुढचे डावे', 'मागचे उजवे' असे लिहून ठेवावे. वसंतात ते कामी येते. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, सपाट पृष्ठभागावर गंज दिसला तर तारेच्या ब्रशने तो खरवडून काढावा. या पायरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण गंजाच्या थरामुळे चाक नीट टेकत नाही आणि काही किलोमीटरनंतर बोल्ट सैल पडतात. बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला जातो. पोलादी रिम आणि अलॉय रिम यांचे बोल्ट लांबीने आणि डोक्याच्या आकाराने वेगळे असू शकतात. उन्हाळी रिमचे बोल्ट हिवाळी रिमला चालतात का, हे पुस्तिकेत पाहावे.

टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर चाक पुढे फिरताना बाण पुढेच गेला पाहिजे. चार टायरांपैकी दोन जास्त झिजलेले असतील, तर चांगले दोन मागच्या बाजूला बसवावेत. पुढचे चाक ओढत असल्यामुळे चांगले टायर पुढे हवेत असे अनेकांना वाटते; परंतु मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही.

बोल्ट आधी हाताने, मग पान्याने, एक सोडून समोरचा अशा क्रमाने हलके आवळावेत. गाडी खाली उतरवल्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, शेवटचा जोर द्यावा. पुष्कळ गाड्यांत हा आकडा १०० ते १४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, मात्र स्वतःच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. आपल्याकडे पान्यावर पाय देऊन उभे राहण्याची जी पद्धत आहे, ती इथे पूर्णपणे टाळावी, कारण त्याने बोल्ट ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो. सुमारे ५० किलोमीटर चालवल्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.

हवेचा दाब टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावा. तापमान १० अंशांनी उतरले की दाब सुमारे ०.१ बारने घटतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये बरोबर भरलेली हवा जानेवारीत कमी पडते. महिन्यातून एकदा पाहणे आवश्यक आहे. युरोपीय संघात १ नोव्हेंबर २०१४ पासून नव्याने नोंदलेल्या मोटारींत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असते. काही गाड्यांत तिचे सेन्सर प्रत्येक चाकाच्या आत असतात आणि मग हिवाळी चाकांनाही ते हवेत. बाकीच्या गाड्यांत चाके बदलल्यावर मेनूमध्ये जाऊन यंत्रणेला नवा दाब शिकवावा लागतो.

निघण्यापूर्वी

काच धुण्याच्या टाकीत न गोठणारे द्रव भरावे, बॅटरी जुनी असेल तर तपासून घ्यावी आणि दारांच्या रबराला ग्लिसरीन किंवा सिलिकॉन लावावे, म्हणजे दारे चिकटत नाहीत. सकाळी सर्व काचा, दिवे, नंबर प्लेट आणि छत पूर्ण साफ करावे. पुढच्या काचेवर डोळ्यांपुरती खिडकी खरवडून निघणे हा नियमभंग आहे आणि छतावरचा बर्फ ब्रेक लावताच पुढच्या काचेवर घसरून येतो किंवा मागच्या गाडीवर उडतो. काच खरवडताना गाडी गरम व्हावी म्हणून इंजिन चालू ठेवणे जर्मनीत दंडनीय आहे. काचेवर गरम पाणी ओतू नये, ती तडकते. जाड जॅकेट काढून मग सीट-बेल्ट लावावा. मुलांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण फुगीर जॅकेटवरून लावलेला पट्टा शरीराला घट्ट बसत नाही.

पकडीचा हिशेब

बर्फावरची पकड ही ठरावीक पगारासारखी आहे : वेग वाढवणे, ब्रेक लावणे आणि वळणे हे तिन्ही खर्च त्यातूनच भागवायचे असतात. कोरड्या डांबरावर पकड इतकी भरपूर असते, की हे कधी जाणवत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर तिला ५० मीटरच्या आसपास लागतात आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर जवळपास १०० मीटर. यात चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले सुमारे १४ मीटर वेगळे. वेग ३० वर आणला तर बर्फावरचे तेच अंतर १८ मीटरवर येते, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून बर्फावर कौशल्याची कमतरता कमी वेगाने भरून काढता येते, पण वेगाचा जादा भार कोणतेही कौशल्य भरून काढत नाही.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांविषयीही इथेच सांगायला हवे. अशी गाडी चढावर सहज निघते आणि चालकाला वाटते, की रस्ता ठीक आहे. ब्रेक लावताना आणि वळताना मात्र तिला इतर गाड्यांपेक्षा जास्त पकड मिळत नाही, उलट जड असल्यास तिला आवरणे कठीण जाते.

निघताना दुसरा गियर टाकून क्लच सावकाश सोडावा. पुढच्या गाडीपासूनचे अंतर, कोरड्या रस्त्यावर वेगाच्या आकड्याच्या निम्मे मीटर ठेवतात, ते किमान दुप्पट करावे. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर असतानाच वेग उतरवावा आणि वळणात पाय स्थिर ठेवावा. क्रूझ कंट्रोल बंद असावा. बर्फ पडत असताना दिवसाही दिवे स्वतः चालू करावेत, कारण स्वयंचलित दिव्यांना उजेड पुरेसा वाटतो आणि मग मागचे दिवे बंदच राहतात.

चढावर लागताना पुढची गाडी वर पोहोचेपर्यंत शक्य असल्यास खालीच थांबावे आणि मग एकाच संथ वेगाने, मध्ये न थांबता चढावे. उतारासाठी खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात शिकलेला नियम इथेही तंतोतंत लागू पडतो : ज्या गियरमध्ये चढलो असतो, त्याच गियरमध्ये उतरावे आणि इंजिनालाच गाडी धरू द्यावी. विजेवरच्या गाडीत मात्र पाय उचलताच गाडीला जोरात रोखून ऊर्जा परत मिळवणाऱ्या यंत्रणेची पातळी बर्फावर कमी करून ठेवावी, नाहीतर ओढणारी चाके त्याच झटक्याने घसरू शकतात.

सर्वांत फसवा रस्ता पांढरा नसतो. डांबरावर पारदर्शक बर्फाचा पातळ थर बसला, की रस्ता फक्त ओला दिसतो. पूल, जंगलातील सावलीचे पट्टे आणि पाण्याकाठचे रस्ते आधी गोठतात. पुलाला खालूनही थंड हवा लागते, म्हणून बाजूचा रस्ता चांगला असतानाही तो निसरडा असू शकतो. डॅशबोर्डवर तापमान ३-४ अंशांवर आले की सावध व्हावे, कारण तो आकडा हवेचा असतो आणि रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून थंड असू शकतो. टायरचा पाण्यावर होणारा सळसळ आवाज अचानक थांबला आणि स्टिअरिंग हलके लागले, तर पाय अलगद उचलावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि काहीही झटक्याने करू नये. जर्मन हवामान खात्याच्या 'वार्नवेटर' अ‍ॅपवर 'ग्लाटआइस'चा, म्हणजे रस्त्यावरच्या निसरड्या बर्फाचा, इशारा असेल, तर त्या दिवशी न निघणे हाच योग्य निर्णय आहे.

गाडी घसरली तर

पुढची चाके घसरली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात राहते. अशा वेळी आणखी वळवण्याची ऊर्मी येते आणि तीच चुकीची असते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढावा, स्टिअरिंग थोडे सरळ करावे आणि पकड परत आल्यावर पुन्हा वळवावे. मागचा भाग बाहेर जाऊ लागला तर क्लच दाबावा आणि नजर व स्टिअरिंग जिकडे जायचे आहे तिकडे वळवावे. समोर अडथळा असेल आणि थांबणेच भाग असेल, तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरावा. एबीएसमुळे, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे, पायाखाली थरथर जाणवते आणि खडखड आवाज येतो, त्याला घाबरून पाय उचलू नये. एबीएसमुळे ब्रेक लावलेला असतानाही वळवता येते, याचा उपयोग करावा.

हे वाचून अंगवळणी पडत नाही. बर्फ पडल्यावर रिकाम्या, मोठ्या आणि परवानगी असलेल्या मोकळ्या जागेत ताशी २०-३० किलोमीटर वेगाने ब्रेक मारून पाहावा. त्याहून चांगले म्हणजे एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेसारख्या संस्थांच्या केंद्रांवर ओल्या, निसरड्या पट्ट्यांवर दिले जाणारे सुरक्षित वाहनचालनाचे प्रशिक्षण घ्यावे. भारतीय परवाना जर्मन परवान्यात बदलताना द्यावी लागणारी परीक्षा उन्हाळ्यात झाली असेल, तर बर्फाचा अनुभव शून्य असतो. अशा प्रत्येकाने हा एक दिवस काढावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आल्प्सकडे जाताना

सीमा ओलांडली की नियम बदलतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर बंधनकारक आहेत आणि त्यांची नक्षी किमान ४ मिलिमीटर असावी लागते. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च असा काळ ठरलेला आहे. भाड्याची गाडी घेताना हिवाळी टायर आपोआप मिळतील असे गृहीत न धरता आरक्षणात तसे लिहून घ्यावे.

निळ्या गोल फलकावर साखळी घातलेले चाक दिसले, की त्या रस्त्यावर साखळ्यांशिवाय जाता येत नाही. फलकाखाली तसे लिहिले नसेल, तर चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांनाही सूट नसते. साखळ्या ओढणाऱ्या चाकांना लावायच्या असतात आणि त्या लावल्यावर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा असते. त्या टायरच्या मापाच्या हव्यात, आणि आपल्या गाडीच्या चाकात तेवढी जागा आहे का हे पुस्तिकेत पाहावे. घरासमोर, कोरड्या दुपारी, हातमोजे घालून एकदा त्या लावून पाहाव्यात. बर्फ संपून उघडा रस्ता लागताच त्या काढाव्यात, नाहीतर त्या तुटतात आणि टायरही फाडतात.

डिकीत ब्लँकेट, पाणी, खाण्याचे काही, छोटे फावडे, टॉर्च आणि फोनचा चार्जर ठेवावा. गाडी बर्फात रुतली तर चाक गरगर फिरवल्याने खड्डा खोल होतो. चाकांपुढचा बर्फ काढावा, पायाखालची रबरी चटई चाकाखाली सरकवावी, घसरण रोखणारी यंत्रणा तात्पुरती बंद करून गाडी पुढे-मागे हळू झुलवावी. महामार्गावर तासन्‌तास अडकल्यास इंजिन चालू करण्यापूर्वी एक्झॉस्टच्या नळीभोवतीचा बर्फ काढलाच पाहिजे. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. गाड्यांचा वेग मंदावताच सर्वांत डावी रांग डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकवून आपत्कालीन वाहनांसाठी वाट मोकळी ठेवण्याचा नियम बर्फातही लागू असतो.

वसंतात

ईस्टरनंतर रात्रीचेही तापमान सातत्याने ७ अंशांच्या वर राहू लागले की उन्हाळी चाके परत बसवावीत, कारण उन्हाळ्यात मऊ रबर लवकर झिजते आणि थांबण्याचे अंतरही वाढते. काढलेली हिवाळी चाके धुऊन वाळवावीत, खाचांतले खडे काढावेत आणि थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावीत. रिमसकट असतील तर आडवी रचून किंवा टांगून ठेवावीत. नुसते टायर असतील तर उभे ठेवून अधूनमधून फिरवावेत. नक्षीची खोली याच वेळी मोजून चाकावर खडूने लिहावी. आकडा ४ मिलिमीटरच्या जवळ आला असेल, तर नवा संच सप्टेंबरच्या आत मागवावा आणि नवे टायर पहिले काही शे किलोमीटर जपून चालवावेत, म्हणजे वरचा गुळगुळीत थर थंडी सुरू होण्यापूर्वीच निघून जातो.